पायरीवरून परतलेले गिऱ्हाईक



म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पाहिला नाही असा बार्देशकर विरळाच. काही महिन्यांपूर्वी अशाच एका शुक्रवारी बाजार आटोपून मी मोबाईलच्या एका दुकानात शिरलो. माझ्या जुन्या फोनची बॅटरी दुपारपर्यंतही टिकेनाशी झाली होती. ती बदलून घ्यावयाची होती. दुकानदाराने फोन कारागिराच्या हाती दिला आणि मला स्टुलावर बसविले. त्या अर्ध्या तासात मी जे पाहिले त्याने माझ्या मनात जे विचार उभे केले, ते आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहेत.

एक गृहस्थ आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. पोशाखावरून आणि हातांवरून गवंडीकाम करणारे असावेत. दहा हजारांच्या आत बसेल असा एखादा चांगला फोन त्यांना हवा होता. दुकानदार सज्जन होता. त्याने एक फोन काढून दाखविला आणि स्पष्टच सांगितले, "भाऊ, दिवाळीच्या आधी आला असता, तर हाच फोन साडेनऊ हजारांत दिला असता. आता अकराच्या खाली परवडत नाही. भाव वरूनच वाढून येतो, आमच्या हातात काही नाही." गृहस्थांनी फोन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, मग काउंटरवर अलगद ठेवला. मुलीने बापाच्या तोंडाकडे पाहिले आणि ती हळूच म्हणाली, "राहू दे, बाबा. माझं पुस्तकावर भागतं." दोघे दुकानाची पायरी उतरून गर्दीत दिसेनासे झाले.

त्याच अर्ध्या तासात त्याच दुकानात दोन फोन विकले गेले. दोन्ही चाळीस हजारांच्या वरचे, दोन्ही हप्त्यांनी. संध्याकाळी दुकानदाराने हिशेबाची वही उघडली असेल, तेव्हा तिच्यात ह्या दोन विक्री लिहिल्या गेल्या असतील, आणि दिवस बरा गेला असेच त्याला वाटले असेल. परंतु जे गिऱ्हाईक पायरीवरून परतले, त्याची नोंद कोणत्या वहीत होते?

वस्तू महागली की तिची मागणी घटते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. तो समजण्यास पुस्तक उघडण्याचीही गरज नाही. आमच्या गोमंतकातील कोणतीही गृहिणी तो जाणते. १ जून ते ३१ जुलै ह्या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. बाजारातले नुस्तें कमी होते, भाव चढतात. मग इसवणाकडे नुसती नजर टाकून गृहिणी पुढे जाते आणि पावसाळ्यापूर्वी भरून ठेवलेल्या पुरुमेंतातले सुके बांगडे अथवा सुकी सुंगटे बाहेर काढते. इसवणाची मागणी झपाट्याने घटते, कारण त्याच्या जागी चालणारी दुसरी वस्तू घरात असते. नारळाची गोष्ट मात्र निराळी. २०२५ साली नारळ कडाडला, तेव्हा आम्ही सर्वांनीच कुरकुर केली; पण आमटीत खोबरे घालणे कोणी सोडले काय? फार तर दोनांच्या जागी दीड नारळ फुटला. नारळाची जागा घेणारे दुसरे काही आमच्या स्वयंपाकघरात नाही.

किंमत वाढली असता मागणी किती लवते, ह्या गुणाला अर्थशास्त्रज्ञ मागणीची लवचीकता म्हणतात. आल्फ्रेड मार्शल ह्या इंग्रज पंडिताने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही कल्पना पद्धतशीरपणे मांडली. तेव्हा आपल्यापुढील प्रश्न असा आहे : स्मार्टफोन ही वस्तू इसवणासारखी आहे की नारळासारखी? महागला तर सोडून देता येईल अशी ती चैन आहे, की पोटाला चिमटा काढूनही घ्यावी लागणारी गरज?

भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी आलेला फोन घेण्यासही पैसे पडत, आणि मोबाईल ही श्रीमंतांचीच वस्तू होती. चैनीच्या वस्तूची मागणी घटली म्हणून कोणाची झोप उडत नाही. परंतु पुढील तीस वर्षांत चित्र पालटले. बँकेचा गुप्त आकडा फोनवर येऊ लागला, भाजीवाली फोनवर पैसे घेऊ लागली, सरकारी अर्ज फोनवर भरले जाऊ लागले. आणि २०२० साली महामारीने शाळांची दारे बंद केली तेव्हा शाळाच फोनमध्ये जाऊन बसली. प्रथम ह्या संस्थेच्या 'असर' पाहणीप्रमाणे, ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता अशी मुले २०१८ साली शंभरांत सुमारे ३७ होती. २०२१ साली ती शंभरांत सुमारे ६८ झाली. तीन वर्षांत ही संख्या जवळजवळ दुप्पट झाली. महामारीत लोकांची मिळकत घटली होती, तरीही फोन घरात आले. दागिना गहाण पडला, उसनवारी झाली, पण फोन आला. हे लक्षण चैनीचे नव्हे, गरजेचे आहे.

तथापि त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, आणि तो मला अधिक बोलका वाटतो. ज्या मुलांच्या घरी फोन होता, त्यांच्यापैकीही शंभरांत सुमारे २६ मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. घरात फोन एक आणि माणसे पाच. वडील तो कामावर घेऊन जाणार. म्हणजे 'घरात फोन आहे' आणि 'मुलाला फोन मिळतो' ही दोन वाक्ये एक नव्हेत.

आता विक्रीच्या आकड्यांकडे वळू. हे गणित आठवीच्या मुलालाही सुटण्यासारखे आहे, म्हणून पेन्सिल हाती घ्यावी. आयडीसी ह्या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ साली भारतात कंपन्यांकडून बाजारात गेलेल्या स्मार्टफोनांची संख्या सुमारे १६ कोटी १० लाख होती. २०२२ साली ती सुमारे १४ कोटी ४० लाखांवर आली, म्हणजे शेकडा सुमारे १० नी घटली. त्याच वर्षी फोनची सरासरी किंमत शेकडा सुमारे १८ नी वाढून २२४ डॉलर झाली. २२४ डॉलर ही वाढलेली किंमत असेल, तर आदल्या वर्षीची किंमत सुमारे १९० डॉलर होते. आता दोन्ही वर्षांचे गुणाकार करा. २०२१ साली १६ कोटी १० लाख गुणिले १९०, म्हणजे सुमारे ३,०६० कोटी डॉलर. २०२२ साली १४ कोटी ४० लाख गुणिले २२४, म्हणजे सुमारे ३,२२५ कोटी डॉलर. फोन एक कोटी सत्तर लाखांनी कमी गेले, आणि पैसा मात्र अधिक जमला!

दुकानदाराच्या दृष्टीने पाहिले तर ह्यात रडण्यासारखे काही नाही. परंतु थोडे खोल जाऊ. २०२१ साली एकूण फोनांपैकी शंभरांत ५४ फोन १५० डॉलरच्या आतले, म्हणजे ढोबळमानाने बारा हजार रुपयांच्या आतले होते. २०२२ साली हा वाटा ४६ वर आला. पुन्हा पेन्सिल चालवा. पहिल्या वर्षी असे स्वस्त फोन सुमारे ८ कोटी ७० लाख. दुसऱ्या वर्षी सुमारे ६ कोटी ६० लाख. म्हणजे स्वस्त फोन दोन कोटींहून अधिक कमी झाले, आणि एकूण घट तर केवळ एक कोटी सत्तर लाखांची! ह्याचा अर्थ उघड आहे. बारा हजारांच्या वरच्या फोनांची संख्या घटली नाही, उलट थोडी वाढली. महागाईचा सगळा भार शिडीच्या तळच्या पायरीवर पडला. किंमतही केवळ वाढली असे नव्हे. खालची पायरीच काढून घेतली गेली, म्हणूनही सरासरी उंचावली. पुढील वर्षी, २०२३ साली, सरासरी किंमत आणखी वाढून २५५ डॉलर झाली आणि फोनांची संख्या केवळ शेकडा एकाने सावरली.

म्हणून 'फोन महागला, त्यामुळे मागणी घटली' हे वाक्य मला अर्धवट वाटते. कोणाची मागणी घटली, हे ते सांगत नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला फोन नारळासारखा आहे; तो कुरकुर करील, पण घेईल. ज्याच्यापाशी पैसा नाही त्यालाही फोन नारळासारखाच हवा आहे, परंतु त्याला तो इसवणासारखा सोडून द्यावा लागतो. मागणीच्या आलेखावरील एकच रेषा ह्या दोन माणसांना सारखेच लेखते. अर्थशास्त्र असे मानते की, पैसा हाती असून घेण्याची तयारी असेल तरच ती मागणी. नुसती इच्छा ही मागणी नव्हे. शास्त्राच्या सोयीसाठी ही व्याख्या योग्य असेल. पण त्या व्याख्येप्रमाणे म्हापशाच्या दुकानातून परतलेल्या मुलीची मागणी कधी अस्तित्वातच नव्हती!

भाव वाढण्याची कारणे कोणाच्या दुष्टपणात शोधू नयेत. फोन आता बहुतांशी भारतातच जुळविले जातात, हे खरे आहे. परंतु चिप आणि पडद्यासारखे त्यांचे मौल्यवान भाग पुष्कळसे बाहेरून येतात आणि त्यांचे मोल डॉलरमध्ये चुकवावे लागते. २०२२ सालच्या आरंभी एका डॉलरला सुमारे ७५ रुपये पडत. त्याच वर्षाच्या अखेरीस ८२ हून अधिक पडू लागले. महामारीनंतर चिपांचा तुटवडा झाला, तो निराळाच. जिओ आणि गूगल यांचा स्वस्त फोन २०२१ च्या गणेशचतुर्थीला बाजारात यावयाचा होता. चिपांच्या टंचाईमुळे तो दिवाळीवर गेला आणि आला तो ६,४९९ रुपयांना. ज्या वर्गासाठी तो योजला होता, त्या वर्गाला ही किंमतही सहजसाध्य नव्हती.

अलीकडील कारण आणखी विलक्षण आहे. फोनमध्ये माहिती साठविणाऱ्या स्मृतीच्या चिपा असतात. जगातील अशा चिपांचे बहुतांश उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन ह्या तीन कंपन्यांच्या हाती आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जी प्रचंड संगणककेंद्रे उभी राहत आहेत, त्यांनाही स्मृती हवी असते आणि ती वाटेल त्या भावाने घेण्याची त्यांची ऐपत असते. साहजिकच कारखाने तिकडे वळले आणि २०२५ च्या उत्तरार्धापासून फोनांसाठी लागणाऱ्या स्मृतीचे दर कडाडले. ह्याचा फटका सर्व फोनांना सारखा बसत नाही. नारळ महागला तर समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलाच्या बिलात त्याचा पत्ताही लागत नाही, पण दुपारी थाळी विकणाऱ्या खाणावळीचे कंबरडे मोडते. कारण तिच्या खर्चात नारळाचा वाटा मोठा. फोनाचे तसेच. लाख रुपयांच्या फोनात स्मृतीचा खर्च लपून जातो, दहा हजारांच्या फोनात तो लपविण्यास जागा नसते. म्हणून दूर देशी उभ्या राहणाऱ्या संगणककेंद्राचे ओझे अखेर म्हापशाच्या गवंड्याच्या खिशावर येते.

ह्यात करांचाही हिस्सा आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मोबाईल फोनवर तो शेकडा १२ होता. १ एप्रिल २०२० पासून तो १८ झाला. मूळ दहा हजारांच्या फोनवर हा फरक सहाशे रुपयांचा. ज्याची महिन्याची मिळकत लाखाच्या घरात आहे त्याला सहाशे रुपये म्हणजे एका रात्रीचे जेवण. रोजंदारीच्या माणसाला ती एका दिवसाची मजुरी आहे. आणि फोन घेतल्याने खर्च संपत नाही. खासगी कंपन्यांनी २०१९ च्या डिसेंबरात, २०२१ च्या अखेरीस आणि २०२४ च्या जुलैत रिचार्जचे दर वाढविले. म्हैस घेतली तरी वैरण रोजची लागते, तसे हे आहे.

मग गिऱ्हाईक काय करते? तीन वाटा दिसतात. पहिली, जुनाच फोन दुरुस्त करून चालविणे. ही वाट मला सर्वांत मानाची वाटते. आमच्या वाडवडिलांनी छत्री दुरुस्त केली, पितळेच्या भांड्यांना कल्हई केली. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. दुर्दैवाने आजच्या वस्तू दुरुस्त होऊ नयेत अशाच बेताने घडविल्या जातात. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोन बनविणाऱ्यांवर सुटे भाग वर्षानुवर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन घातले. आपल्या केंद्र सरकारनेही दुरुस्तीच्या हक्कासाठी डिसेंबर २०२२ मध्ये एक संकेतस्थळ उघडले. परंतु संकेतस्थळ म्हणजे बंधन नव्हे, आणि आपल्याला बंधन हवे आहे.

दुसरी वाट वापरलेला फोन घेण्याची. तीही वाईट नाही. मात्र पावती मागून घ्यावी, आणि प्रत्येक फोनाचा जो पंधरा आकडी क्रमांक असतो तो सरकारच्या 'संचार साथी' ह्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. चोरीचा फोन स्वस्त मिळाला, तरी तो शेवटी महागच पडतो.

तिसरी वाट हप्त्यांची, आणि हिच्याविषयी मी तुम्हांला सावध करू इच्छितो. किंमत वाढूनही महागडे फोन खपतात त्याचे एक मोठे कारण हप्ता हे आहे. पन्नास हजार हा आकडा माणसाला घाबरवितो. 'महिना अवघे अडीच हजार' हा आकडा त्याला गोंजारतो. बिनव्याजी हप्त्याची जाहिरात वाचून पुष्कळांना वाटते की सावकारही आता धर्मात्मे झाले. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले की, शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते. व्याज कोठे ना कोठे, किमतीत अथवा शुल्कात, दडविलेले असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण जुनी झाली असेल, चुकीची झालेली नाही.

येथे तुमच्या वयाच्या मुलांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. थॉर्स्टीन व्हेब्लेन ह्या अमेरिकन विचारवंताने १८९९ सालीच दाखवून दिले की, काही वस्तू उपयोगासाठी घेतल्या जात नाहीत. आपली ऐपत चारचौघांना दिसावी म्हणून घेतल्या जातात. अशा वस्तूंची किंमत वाढली की त्यांचे आकर्षण घटण्याऐवजी वाढते. मित्राच्या हातातील फोनच्या पाठीवरचे चिन्ह पाहून ज्याचे मन झुरते, त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मला फोन हवा आहे, की फोन असल्याचे लोकांना दिसावयास हवे आहे? घरात वडील हप्ते फेडत असताना ह्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणे हा पुत्रधर्माचाच भाग आहे.

माझ्या ह्या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेणारे बहुधा माझे शिक्षकबंधूच असतील. ते म्हणतील : फोन महागले तर बरेच झाले! मुले तेवढीच मैदानावर येतील, पुस्तक हाती घेतील. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी शंभरांत सुमारे ५७ मुलांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरल्याचे सांगितले, तर सुमारे ७६ मुलांनी समाजमाध्यमांसाठी. अभ्यासाहून करमणूक पुढे आहे, हे नाकबूल करून चालणार नाही.

तरीही हा आक्षेप मला मान्य नाही. उपवास आणि उपासमार ह्यांत पोट सारखेच रिकामे असते, पण एकात माणसाची इच्छा असते, दुसऱ्यात त्याचा नाइलाज. ज्या मुलाच्या हाती फोन आहे आणि जो तो बाजूस ठेवून पुस्तक उघडतो, त्याने संयम शिकला. ज्याच्या हाती तो कधी आलाच नाही, त्याने केवळ वंचना सोसली. महागाई ही काही शिस्त लावणारी गुरुमाउली नव्हे. ती उधळ्याला सोडते आणि गरजूला पकडते. शिवाय त्याच पाहणीत असेही दिसते की, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे शंभरांत सुमारे ३६ आहेत, मुली मात्र सुमारे २७. घरात एकच फोन घेणे परवडत असेल, तर तो आधी कोणाच्या हाती जातो, हे मी पालकांना सांगावयास नको.

आता एक कबुली. २०२० साली मीही फोनवरून शिकवीत होतो. सांगे आणि सत्तरीतील मुले नेटवर्कसाठी डोंगर चढत असल्याच्या बातम्या आम्ही वाचीत होतो आणि हळहळत होतो. त्याच दिवसांत माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने ओळीने अकरा दिवस उत्तर दिले नाही. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'अनुपस्थित' असे लिहीत गेलो. पुढे शाळा उघडल्यावर कळले की त्या घरात एकच फोन होता आणि तो घेऊन वडील कामावर जात. मुलगा रोज रात्री नऊनंतर, वडील परतल्यावर, माझे धडे वहीत उतरवून घेत होता. त्या अकरा दिवसांत मात्र फोनच बिघडला होता आणि नवा घेण्याची ऐपत नव्हती. त्या वह्या त्याने मला दाखविल्या. तो अनुपस्थित नव्हता; मी त्याला मोजले नव्हते. दुकानदाराच्या वहीला मी आज दोष देतो आहे, पण त्या वेळी माझा हजेरीपटही तसाच होता.

म्हणून माझे मत मी स्पष्ट शब्दांत मांडतो. सरकारने दहा-बारा हजारांच्या आतील फोनवर आणि लाखाच्या फोनवर एकाच दराने कर घेऊ नये; खालच्या पायरीवरचा कर कमी करावा. तिजोरीला ह्याने थोडी तूट येईल, पण जी वस्तू सरकार स्वतःच नागरिकाला आवश्यक करून ठेवते, तिच्यावर चैनीच्या वस्तूसारखा कर लावणे न्यायाचे नाही. बनविणाऱ्यांवर सुटे भाग पुरविण्याचे बंधन घालावे. आणि आम्हां शाळांनी, हे सर्वांत आधी, आपल्या हातात जे आहे ते करावे. प्रत्येक घरात, प्रत्येक मुलाच्या हाती, फोन आहे असे गृहीत धरणे थांबवावे. गृहपाठ फोनवर पाठविला, तर तो फळ्यावरही लिहावा. सूचना फोनवर गेली, तर ती चिठ्ठीनेही जावी. खडूची किंमत डॉलरवर ठरत नाही.

पालकांना एवढीच विनंती की, घरात एक फोन असेल तर त्याचे वेळापत्रक करावे, आणि त्या वेळापत्रकात मुलीचे नाव मुलाच्या नावाइतकेच वर असावे. विद्यार्थ्यांना विनंती अशी की, आपल्या शेजारी बसणाऱ्याकडे फोन नाही हे कळल्यावर त्याला हसू नये. सायंकाळी त्याला बोलावून आपल्या फोनवरचा धडा दाखवावा. दहा हजारांची वस्तू दोघांत वाटली तर तिची किंमत अर्धी होते. कोणत्याही सरकारला वा कंपनीला इतकी मोठी सूट देता आलेली नाही.

बॅटरी बदलून माझा फोन परत आला तेव्हा मी त्या बापलेकीला शोधीत बाहेर आलो. बाजाराच्या गर्दीत ती दोघे सापडली नाहीत. ती मुलगी कोणत्या शाळेत शिकते, हे मला ठाऊक नाही. कदाचित आपल्याच शाळेत असेल. कदाचित हा लेख ती वाचीतही असेल. तिला मला सांगावयाचे आहे : मुली, पुस्तकावर तुझे भागते असे तू वडिलांना म्हणालीस, ते वडिलांचे मन राखण्यासाठी, हे मला समजले. ते पुरेसे ठरावे अशी शाळा तुला देणे, हे आमचे काम आहे.